दुसरी वेलांटी

सोलापूरच्या कोर्टाजवळ माझं भाषांतराचं आणि टायपिंगचं छोटं ऑफिस आहे. माहेर मैंदर्गीचं. घरात कानडी, शाळेत मराठी, त्यामुळे आधी कुठली भाषा शिकले ते मला सांगता येत नाही. अक्कलकोटकडची माणसं पणजोबांच्या वेळची कानडी खरेदीखतं घेऊन येतात, मी त्यांचं मराठी करून देते आणि भाषांतर खरं असल्याची खाली सही करते. ती सही मी बरीच वर्षं सवयीनंच करत होते.

दोन उन्हाळ्यांमागं एक हवालदार पेन ड्राइव्ह घेऊन आले.

"मॅडम, लई काम न्हाय. अकरा सेकंदाचं हाय. बाई काय म्हणतीय तेवढं सांगा."

सीमेजवळच्या एका गावातली ग्रामसभा होती. पत्र्याखाली गर्दी, नुसता गोंगाट. पन्नाशीची एक बाई ग्रामसेवकासमोर हात उंच करून ओरडत होती, "बेंकी हच्चिरी!" बेंकी म्हणजे आग.

"आग लावा म्हणतीय," मी म्हणाले.

"तक्रार बी तीच हाय. ग्रामपंचायतीचं ऑफिस पेटवायला लोकांना सांगितलं म्हणून. उद्या लेखी द्या, सही करून."

बाहेर तिघंजण थांबले होते. मी पुढच्या कामाला लागले.

संध्याकाळी आईचा फोन आला. क्लिप मैंदर्गीपर्यंत पोचली होती.

"बिचारी," आई म्हणाली. "पोट जळल्याशिवाय कुणी असं बोलत नाही."

"अव्वा, ती लोकांना आग लावा म्हणतीय."

"तुला कुणी सांगितलं? लावलीत म्हणतीय की! आमच्या पोटाला आग लावलीत, असं. 'पोटाला' तेवढं कुणीतरी क्लिपमधून कापलंय."

फोन ठेवून मी दोन्ही शब्द कागदावर लिहिले. 'हच्चिरी', मधे पहिली वेलांटी, म्हणजे लावा. 'हच्चीरी', मधे दुसरी वेलांटी, म्हणजे आमच्या भागातल्या बोलीत 'तुम्ही लावलीत'. एक हुकूम, दुसरं गाऱ्हाणं. इयरफोन लावून मी क्लिप वीसेक वेळा ऐकली. त्या गोंगाटात दोन्हीपैकी काहीही असू शकत होतं. आणि मी मात्र दुपारी, एका दमात, बाईला गुन्हेगार करून मोकळी झाले होते.

ऑफिसात संविधानाची मराठी प्रत आहे. दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन ती काढली. एकोणिसावा अनुच्छेद कॉलेजात पाठ केला होता. आधी भाषणाचं आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, मग खालच्या खंडात त्यावरचे वाजवी निर्बंध: सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रुनुकसानी, अपराधाची चिथावणी. तेव्हा त्या दोन खंडांवर परीक्षेत छान मार्क मिळाले होते. त्यांच्या मधे एक जिवंत बाई उभी असेल आणि तिला कुठं ढकलायचं ते माझ्या कानावर ठरेल, हे काही तेव्हा सुचलं नव्हतं.

मी तडक पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"काल एक सांगितलंत, आज दुसरं?"

"काल माझी चूक झाली, साहेब. अकरा सेकंदांवर मी सही करणार नाही. पूर्ण रेकॉर्डिंग द्या."

"कुणी भेटून गेलं का तुम्हाला?"

"आईचा फोन आला होता."

ते हसले. मग म्हणाले, "बोलायचा हक्क बाईला आहेच. चिथावणी द्यायचा नाही. यातलं तिनं काय केलं ते मला कळत नाही, कारण मला कानडी येत नाही. तुम्ही नीट ऐका, जे असेल ते लिहा."

चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग मिळालं. वाक्य अगदी स्पष्ट होतं: आठ दिवस टँकर नाही, लेकरं तहानलेली, तुम्ही आमच्या पोटाला आग लावलीत. आईच्या कानांना मी मनातल्या मनात हात जोडले. पण पुढं, विसाव्या मिनिटाला, तीच बाई म्हणत होती, "या ग्रामसेवकानं आमचं पाणी हॉटेलवाल्याला विकलं."

दोन दिवसांनी ती स्वतःच आली. जबाब द्यायला गेली असताना ठाण्यात तिला माझ्याबद्दल कळलं होतं. उन्हातून आलेली, मी दिलेला तांब्या तिनं उभ्याउभ्याच संपवला.

"अक्का, तुमी आगीचं खरं लिवलं, लई उपकार झाले. तेवढं पाणी विकल्याचं गाळा की."

"तुम्ही पाहिलं होतं का विकताना?"

"न्हाय. गावात बोलत्यात."

"मग कसं गाळू? मी एक वाक्य गाळलं, तर दुसरं तरी खरं लिहिलंय असं कोण मानेल?"

तिनं रिकामा तांब्या टेबलावर ठेवला. "म्हंजे तुमीबी त्यांच्याच," एवढंच म्हणून निघून गेली. मला ते लागलं. तरी पूर्ण भाषांतरावर सही केली, आणि करताना प्रत्येक ओळ पुन्हा वाचली.

चिथावणीची तक्रार साहेबांनी निकाली काढली. अब्रूसाठी कोर्टात जायला ग्रामसेवक मोकळे होते, आणि जाणार असंही ते म्हणत होते. पुढच्या ग्रामसभेत काय झालं ते मला हवालदारांनी सांगितलं. बाई भर सभेत उठली. "पाणी विकताना मी पाह्यलं न्हवतं, ऐकलं होतं. ते मी बोलायला नको होतं. पण टँकरच्या फेऱ्यांची वही सगळ्यांसमोर उघडा. हे मी दहादा बोलंन."

वही उघडली. पाणी कुणी विकलं नव्हतं. तिच्या वस्तीचा रस्ता ओढ्यापाशी खचला होता, टँकरचा ड्रायव्हर अलीकडूनच परतायचा, आणि फेरी का होत नाही ते बघायला ग्रामपंचायतीतलं कुणी गेलंच नव्हतं. ग्रामसेवकांनी तिथंच ते कबूल केलं आणि कोर्टाचं नाव पुन्हा काढलं नाही. आठवड्यात छोटा टँकर सुरू झाला.

पावसाळा सरता सरता ती पुन्हा माझ्या ऑफिसात आली. या वेळी खुर्चीवर बसली. रस्त्याच्या दुरुस्तीचा अर्ज मराठीत टाइप करून हवा होता, स्वतःच्या नावानं. ती कानडीत सांगत गेली, मी लिहीत गेले.

"आता लिवा, ऑफिसातले समदे झोपा काढत्यात." मग थबकली. "हे चालतंय का? का हेबी पाह्यलेलं पायजे?"

"हे तुमचं मत आहे," मी म्हणाले. "हे खुशाल राहू द्या."

ती पदर तोंडाला लावून हसली. "मग जरा मोठ्या अक्षरात घ्या."

मी ते वाक्य ठळक केलं. अर्ज तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, पिशवीत नीट ठेवला आणि अक्कलकोटची बस गाठायला निघाली.