सातवा अंगठा

दुपारची पेज जेवून वत्सल गावडे मागच्या खोलीत आडवी होते, तेव्हा पावणेदोन वाजलेले असतात. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं तिनं ठरवलेलं आहे. जमीन गार आहे. दाराची कडी लावलेली आहे, आणि ती कोणी येऊन वाजवेल असं वाटायचं काही कारण नाही. दीड महिन्यात वाजवली नाही, ती आज कोण वाजवणार?

तिला तीनची एसटी पकडायची आहे, किंवा पकडायची नाही. ते अजून ठरायचंय. चार वाजता तालुक्याला नोंदणीचे साहेब बसणार आहेत. मांगरवाडीच्या काजू कारखान्यातल्या बायकांनी आपली संघटना नोंदवायला अर्ज केलाय. अर्जावर आठ अंगठे होते. द्वारका धुरी चैत्रात काविळीनं गेली. उरले सात. सातांहून कमी माणसांची संघटना सरकार नोंदवत नाही. कारखान्यानं लिहून कळवलंय की हे अंगठे खोटे आहेत, बायकांना फसवून घेतलेत. म्हणून आता जिचा अंगठा तिनं साहेबांसमोर उभं राहून सांगायचं : हा माझा, मी आपखुशीनं दिला.

सहा जणी सकाळच्या गाडीनंच गेल्या. वत्सलला कोणी हाक मारली नाही.

अंगठ्यांवर वाद घालायला वाव आहे, हे खरं. काजूच्या टरफलाचं तेल बोटांची कातडी जाळतं. राख लावून बसलं तरी जाळतं. एकोणीस वर्षं ते काम केलेलं बोट गोट्यासारखं गुळगुळीत होतं, त्यावर रेघ म्हणून उरत नाही. रेशनच्या दुकानातलं यंत्र वत्सलला दर महिन्याला नाकारतं आणि दुकानदार दर महिन्याला म्हणतो, "वत्सलाबाई, तुम्ही नाहीच आहात." अर्जावरचे अंगठेही तसेच, निळे ठिपके, एक झाकावा आणि दुसरा काढावा.

वैशाखातल्या एका दुपारी मॅनेजर शिरसाटनी फाट्यावर तिच्याशेजारी जीप थांबवली होती. "ऊन केवढं आहे, बसा." ती बसली. नाही म्हणायला हवं होतं, पण पाय भाजत होते. जीपमध्ये शिरसाट अगदी घरच्यासारखं बोलले. "तुमच्या अंगठ्याला रेषाच नाहीत. माझा नव्हे म्हणालात, तर कोण सिद्ध करणार? आणि खरं सांगा, द्वारकानंच हात धरून उठवला ना तो? सोमवारी या कामावर." वाडीच्या तोंडाशी ती जीपमधून उतरली, तेव्हा विहिरीवर तिघी जणी होत्या. तिला फितूर ठरवायला तेवढं पुरलं.

त्या दिवसापासून एक गोष्ट तिला आतून कुरतडते आहे. शिरसाट खोटं बोलले नव्हते. द्वारकानं खरोखरच तिचा हात धरला होता.

डोळा लागतोय की नाही, ते कळत नाही. कौलांतून आलेला कवडसा भिंतीवरून हळूहळू खाली उतरतो, जमिनीवर येतो आणि राखेच्या डब्यात पडतो. मागच्या खोलीत राखेचा डबा नसतो, एवढं वत्सलला कळतं. पण त्याचं काय करायचं ते कळत नाही.

"सरक गो वायच," समोरून कोणीतरी म्हणतं. "माझ्या तोंडार ऊन येता."

वत्सल सरकते. समोर द्वारका बसलेली आहे. मागे कारखान्याची शेड लांबच लांब गेली आहे. शेडमध्ये बायका दोन रांगांत समोरासमोर बसत, दोघींमध्ये राखेचा एक डबा. जिच्यासमोर डबा वाटून घ्यायचा, ती आपली समोरची. नवऱ्याचं तोंड बघितलं नसेल तेवढं समोरचीचं बघितलंय, असं सगळ्याच म्हणत. आत्ता मात्र रांगा रिकाम्या आहेत. दोघीच आहेत.

"तू मेलंस ना गो?" वत्सल विचारते.

"मेलंय तर. तूच माझ्या तोंडात पाणी घातलंस."

"मगे हय काय करतंस?"

"काजू सोलतंय. तुका काय दिसता?"

वत्सलला हसू येतं. किती दिवसांनी आलं ते तिला मोजता येत नाही. मग तिचं लक्ष द्वारकाच्या हातांकडे जातं. काळे डाग गेलेत. भेगा गेल्यात. बोटांच्या टोकांवर बारीक, गोल गोल रेघा उमटल्या आहेत, मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट.

"रेघो इल्यो तुझ्यो!"

"इल्यो," द्वारका म्हणते आणि बोटं पदराला पुसते. "आता कोणाक दाखवू?"

वत्सलही काजू उचलते. काजू हातात येत नाही, पुन्हा खाली पडतो. ती म्हणते, "माझ्यावांगडा कोण बोलणा नाय. विहिरीर गेलंय तर सगळ्यो गप होतत."

"जीपीत कित्याक चढलंस?"

"पाय भाजत होते."

"माका ठाऊक आसा. तुझ्यो वाणो शेणग्याकडे पडल्यो असतल्यो शिवूक."

तसंच होतं. वहाणा शिवायला टाकल्या होत्या, त्या दिवशी ती अनवाणी होती. हे कोणी विचारलंच नव्हतं. वत्सल काही बोलायला जाते, तर राखेचा डबा नसतो, मातीचा रस्ता असतो, आणि दोघी फणसाच्या झाडाखाली बसलेल्या असतात.

हे झाड कारखान्याच्या फाटकासमोरचं. माघात इथं त्या अकरा दिवस बसल्या होत्या. हातमोजे द्या, प्यायला पाणी द्या, हात सडला तर औषधापुरती सुटी द्या, एवढं एका पुठ्ठ्यावर लिहून तो झाडाला टेकवून ठेवला होता. घोषणा नव्हत्या. शेजारच्या शाळेत परीक्षा चालू होती, म्हणून द्वारकानंच ताकीद दिली होती की तोंडातून आवाज काढायचा नाही. पण रिकाम्या हातानं बसायची सवय कोणालाच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून एकेकीनं घरून चिंचा आणल्या, आणि ठिय्याच्या जागी चिंचा सोलणं सुरू झालं. कारखान्यानं तक्रार केली, हवालदार आला, वहीत 'बेकायदेशीर जमाव' लिहायला लागला.

"जमाव?" द्वारका तेव्हा म्हणाली होती. "चिंचो सोलूक कायदो लागता?"

हवालदारानं ओळ खोडली होती आणि जाताना मूठभर चिंच खिशात टाकली होती.

आत्ताही बायका बसलेल्या आहेत. सहा जणी. सगळ्यांच्या पाठी वत्सलकडे आहेत. ती उठून पुढे जाते, तर पुढूनही पाठच. फणसाला वळसा घालते, तरी पाठच. चिंच फुटल्याचा आवाज तेवढा येतो.

"गो शेवंता," ती एकीला हाक मारते. "गो शालन."

कोणी वळत नाही.

"हाक मारून काय उपयोग?" द्वारका म्हणते. ती जीपच्या मागच्या सीटवर बसली आहे. वत्सल पुढच्या सीटवर आहे. चालवायच्या जागी कोणी नाही, तरी जीप चालली आहे, आणि बाहेर मांगरवाडी नाही, नुसतं पांढरं ऊन आहे.

"तू माका यात घातलंस," वत्सल पुढे बघतच म्हणते. आवाज चढलेला तिचा तिलाच ऐकू येतो. "मी माझां काम करत होतंय. तू बोललंस चल, मी इलंय. तू बोललंस बस, मी बसलंय. आनी मगे तू मरान गेलंस. माका एकट्याक टाकून."

जीप तशीच चालत राहते.

"तू माझो हात धरलंस," वत्सल म्हणते. "कागदार. माका इचारलंस नाय."

"नाय इचारलंय."

"कित्याक?"

"घाय होती. कचेरी बंद व्हायची होती. आनी माका वाटलां, तुका काय इचारूचां? तू तर समोरचां. ता माझां चुकलां."

द्वारका कधी असं म्हणत नसे. जिवंतपणी एकदाही म्हणाली नव्हती. वत्सल वळून बघते, तर मागे सीट नाही, कचेरीचा ओटा आहे, आणि दोघी ओट्यावरच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. समोर अर्ज लिहून देणाऱ्या नानांचं टेबल. टेबलावर शाईचा पॅड उघडा आहे. नाना नाहीत.

"मगे तो आंगठो कोणाचो?" वत्सल विचारते. "माझो की तुझो? आज सायब इचारतलो. माका सांगूक व्हया."

"मी धरून उठवललो आंगठो तुझो न्हय," द्वारका सावकाश म्हणते. "तसां असात तर तसांच सांग. मॅनेजर सांगता म्हणान नको. माझ्या भिडेन पण नको. संघटनेत हात ओढून आणललां माणूस कित्याक व्हया? कारखानो तर तसांच करता."

"मगे सहाच उरतले."

"उरतले."

"मगे काय नाय व्हायचां."

"नाय व्हायचां." द्वारका टेबलाकडे बघते. "आनी तो कागद खय आसा गो?"

"खयचो?"

"मी तुझो आंगठो लावलंय तो."

"तो नानान फाडल्यान," वत्सल म्हणते. "शाई फिसकटली म्हणान. तू जोरान दाबलंस ना. मगे दुसरो कोरो काढल्यान, आनी सगळ्यांचे परत घेतल्यान."

"दुसरो?"

"तू भायर होतंस. नळार. तुका तहान लागलली."

द्वारका तिच्याकडे बघत राहते. "माका ठाऊक नाय ह्या. मी पाणी पियून इलंय तवसर कागद नानाच्या पिशयेत होतो. मी नानाच्या घरी जावन माझो उठवलंय, दुसऱ्या दिसा. माका वाटलां तोच कागद."

वत्सल शाईच्या पॅडकडे बघते.

"मगे दुसऱ्या खेपेक तुझो हात कोणी धरल्यान?" द्वारका विचारते.

ओट्यावर कोणी नाही. नळ कुठेतरी गळतो आहे. वत्सलला ती दुपार दिसते, धुतल्यासारखी. नाना चष्म्यावरून बघत म्हणाले होते, "कुणाचा राहिला?" ती बाकावरून उठली होती. चार पावलं चालली होती. बोट पॅडवर टेकवलं होतं, आणि कागदावर असं दाबलं होतं की टेबल हललं आणि नाना ओरडले, "हळू बाई, कागद आहे तो." मागून कोणी ढकललं नव्हतं. बाकीच्या एकमेकींशी बोलत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. नाना दिवसाला शंभर अंगठे बघतात, त्यांना काय आठवणार? त्या कागदावर रेघ उमटली नाही. म्हणजे ही गोष्ट आता जगात एकट्या तिलाच ठाऊक आहे.

"कोणी नाय," ती म्हणते.

"हां," द्वारका म्हणते. एवढंच.

वत्सल विचारते, "तू येतलंस?"

"मेलेल्याचो आंगठो सरकार घेणा नाय. रेघो असल्यो तरी."

"त्यो सगळ्यो थय पाठ करून बसतल्यो."

"बसतल्यो."

"माझो आंगठो मी कबूल केलंय तर मगे बोलतल्यो माझ्यावांगडा?"

"ता मी कसां सांगू? शेवंताक तू ओळखतंस. वरीसभर रुसान बसात." द्वारका उठते. "त्यांच्यासाठी जाव नको. आनी अशी जातलंस? केस बघ, सुगरणीचां घरटां."

ती वत्सलच्या मागे जाऊन उभी राहते आणि केसांत हात घालते. हात थंड नाहीत. शेडमध्ये पिन, क्लिप, रिबीन काहीच चालत नसे, मालात पडतं म्हणून. द्वारका वेणी घालून शेवटाला केसांचीच एक बट उलटी फिरवायची आणि गाठ मारायची. दिवसभर वाकून काम केलं तरी ती सुटत नसे.

"ओढू नको गो."

"गप."

"दुखता."

"दुखांदे. सायबाकडे तोंड कर, मान सरळ ठेव," द्वारका म्हणते, आणि शेवटची गाठ अशी खेचते की वत्सलच्या डोळ्यांत पाणी येतं.

मानेला ओढ बसूनच तिला जाग येते.

मागची खोली. घड्याळात दोन पस्तीस. बाहेर एक कोंबडी कोरड्या पाचोळ्यात काहीतरी उकरते आहे. डोळ्यांतलं पाणी खरं असतं. वत्सल उठून बसते आणि सवयीनं केस मागे सारायला हात नेते, कारण सकाळी न्हाऊन तिनं ते मोकळे सोडले होते.

ते मोकळे नसतात.

बोटांच्या टोकांना तिला आता फारसं काही कळत नाही. म्हणून ती हात उलटा करून मनगटाच्या पाठीनं चाचपते. मागच्या वर्षी आजारी पडली तेव्हापासून तिचे केस विरळ झाले, जेमतेम मानेपर्यंत उतरतात, पुढे ओढले तरी खांद्यावर येत नाहीत. त्यांची एक आखूड, घट्ट वेणी मानेला चिकटून बसली आहे. शेवटाला दोरा नाही, रिबीन नाही. केसांचीच बट उलटी फिरवून मारलेली गाठ आहे. ती मारायला मागे कोणीतरी उभं असावं लागतं.

हात मानेवर ठेवून ती तशीच बसते, घड्याळात पावणेतीन होईपर्यंत.

मग लुगडं बदलते, वहाणा घालते, घराला कुलूप लावते. पाणंदीत दोन्ही बाजूंच्या घरांमध्ये माणसं आहेत, भांड्यांचे आवाज आहेत. कोणी "खय चललंस?" म्हणून विचारत नाही. तिला एकदा वाटतं, वळून बघावं कोणी दारात आलंय का. पण मान वळवायची म्हटली तरी वळत नाही, इतकी ती वेणी घट्ट बसली आहे. ती समोर बघत एसटीच्या फाट्याकडे चालत राहते.