वादळ घरी येऊन गेलं

तारीख : नोव्हेंबरातला तिसरा शनिवार. स्थळ : आयर्लंडमधलं शॅनन, आमचं मागचं अंगण. हजर : वादळ. गैरहजर : मी, आई, नवरा मिलिंद, मुलगी इरा.

वादळाची नोंद ठेवायचं काम माझ्याकडेच असल्यामुळे ही हजेरी जरा लाजिरवाणी आहे.

काम सोपं. रोज आपल्याच अंगणात उभं राहायचं, वारा आणि पाऊस बघायचा, वहीत लिहायचं आणि शेजारच्या पॅड्रिगला कळवायचं. (पॅड्रिग निवृत्त पोस्टमन. हवामान नोंदवणाऱ्या आम्हा स्वयंसेवकांचा म्होरक्या.) नियम एकच : जागा सोडायची नाही. अकरा महिन्यांत माझा एकही रकाना रिकामा नव्हता.

सप्टेंबरमध्ये अमरावतीहून आई आली आणि आठवड्यात तिने वही ताब्यात घेतली. वाऱ्याचे माझे आकडे तिला पटेनात. तिचं माप म्हणजे दोरीवरची तिची सुती साडी. ‘पदर हलून राहिला’, ‘काठ उडून राहिले’, आणि सर्वांत वर ‘चिमटे सुटून राहिले’. मी त्याचे आकडे करून पाठवायचे. पॅड्रिग म्हणाला, हल्ली तुझ्या नोंदी ग्रँड असतात. (‘हल्ली’ हा शब्द मला लागला.)

आईची इच्छा एकच होती. “एक मोठं वादळ माह्या हातानं लिहितो, मंग जातो.”

दोन महिने नुसते पदर हलले. मंगळवारचं विमान, आणि शनिवारी किनाऱ्यावर वादळाचा इशारा! मी लगेच चौदा कलमांची यादी केली. वादळ येईल न येईल, आपणच गाठायचं. आईने डबा भरता भरता शंका काढली, “त्याले घरी येऊ दे ना. आपण काहून त्याच्या मांगं पळाचं?”

मिलिंदने तिला फोनवर वादळामागे धावणाऱ्यांचे व्हिडिओ दाखवले. “आई, लांबून लांबून कॅमेरे घेऊन येतात लोक.”

“मंग त्यायनंच लिहावं,” आई म्हणाली. पण गाडीत बसली. मांडीवर वही, हातात पेन.

समुद्र दोन किलोमीटरवर असताना गाडी थांबली ती थांबलीच. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी कुंपण, पुढे एक पांढरी व्हॅन आणि तिच्यापुढे अख्खं आयर्लंड. लोक गाड्यांच्या टपांवर चढून आभाळाचे फोटो काढत होते, बाकीचे त्या लोकांचे. कुणीतरी चिप्सची गाडीही लावली होती. पाऊस पडत होता, पण गुलाबपाणी शिंपडावं इतकाच.

दीड तासाने आईने विचारलं, काय लिहू? इराने हेडफोन काढून तिच्या खास आयरिश हेलात सुचवलं, “व्हाइट व्हॅन, आजी. नॉट मूव्हिंग.”

आईने काच खाली करून दोन्हीकडे नीट पाहिलं. “जत्रा तं मोठी हाय व. देव कुठी हाय?”

देव आमच्या घरी गेला होता. वादळाने वाट बदलली आणि ते खाडीतून सरळ आमच्या गल्लीत शिरलं. आम्ही परतलो तेव्हा पॅड्रिग फाटकात उभा होता आणि आईची साडी त्याच्या धुराड्याला गुंडाळलेली होती. (साडी आत घेणे हे कलम चौदांत नव्हतं.) वारा कुठून आला, किती वाजता आला, हे त्यालाही माहीत नव्हतं. तो बिचारा दिवे गेले म्हणून तळघरात फ्यूज बघत होता. गल्लीत वारा मोजणारी माणसं आम्हीच, आणि आम्ही व्हॅन मोजत होतो.

पॅड्रिगने सुचवलं, अंदाजे लिहा, चालतं. मी आईला मराठीत समजावलं. चिमटे सुटलेच होते, पुरावा धुराड्यावर होता.

आईने वही उघडली. रिकाम्या दोरीकडे बराच वेळ पाहिलं आणि वही मिटली.

“न पाह्यलेलं कसं लिहू, वैशू?”

मंगळवारी ती गेली. आता मी दोरीवर टॉवेल लावते. टॉवेलला पदर नसतो. नोंदी पुन्हा ‘ठीक’ झाल्यात, असं पॅड्रिगच म्हणतो.

पुन्हा नोव्हेंबर येतोय. आईला बोलवायचंय. तिची कागदपत्रं, बँकेचे उतारे, फोटो, सगळं क्रमवार लावून झालंय. फक्त व्हिसाच्या अर्जातला ‘भेटीचं कारण’ हा रकाना मला तीन आठवडे भरता आलेला नाही.