वहिनीच्या टाक्यांमधली क्वार्टर्स

वहिनीच्या पहिल्या माशांनी स्वतःचं घरच खाऊन टाकलं होतं.

खूप वर्षं झाली. आम्ही तेव्हा बिबवेवाडीत दोन खोल्यांत राहायचो. दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, वहिनीच्या वाढदिवसाला काचेची टाकी आणली. दोन गोल्डफिश आणि पिसासारख्या नाजूक पानांची हिरवीगार झाडं. रंग निवडायला मी सोबत होते.

सकाळी बघतो तर टाकीत नुसत्या काड्या.
मधोमध दोन तृप्त चेहरे.

दादा पडेल चेहऱ्याने उभा. मी दुकानदाराशी भांडायला चप्पल घालतेय. आणि वहिनी हाताला कणीक तशीच ठेवून हसत सुटली.

"अहो, पाहुण्यांना राहायला दिलेली खोलीच जेवायला वाढलीत तुम्ही!"

मग माझ्याकडे वळून, "आणि बेबी, तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये गोल्डफिश काय खातो ते शिकवत नाहीत वाटतं?"

बेबी म्हणजे मी. मला नातवंडं झाली तरी तिच्यासाठी बेबीच.

वहिनी गेल्या मंगळवारी गेली.

रडून झालंय माझं. आज हसायचंय. तशी सोय ती स्वतःच करून गेली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वहिनी सरकारी नोकरीत होती. कर्मचाऱ्यांना राहायला क्वार्टर्स द्यायचं काम. कुणाला तळमजला, कुणाला वरचा, कुणाच्या शेजारी कुणाला अजिबात ठेवायचं नाही, हे तिला माणूस दारातून आत येतानाच कळायचं.
"अर्जात सगळेच साधे असतात गं," म्हणायची.

त्या काड्या झालेल्या सकाळपासून माशांनाही तिने तोच नियम लावला. आधी राहणारा बघायचा, मग झाड.

गोल्डफिशला जावा फर्न. जाड, चिवट पानं, आणि दगडाला दोऱ्याने बांधलेलं, म्हणजे उपटायची सोय नाही.
"क्लास वन ऑफिसर आहे. बाग नासणारच. याला फर्निचर खिळे ठोकूनच द्यायचं."

गप्पीला शेवाळासारख्या मॉसचा दाट गुंता.
"सारखी बाळंत होते. पिल्लांना लपायला कोपरे नकोत? नाहीतर आईच गिळेल."

एंजल फिशला उंच, रुंद पानांचं ॲमेझॉन सोर्ड.
"यांना मिरवायला मोठा जिना लागतो."

रिटायर झाल्यावर तर घरात टाक्याच टाक्या. दादा विचारायचा, "अगं, यात माझं क्वार्टर कुठलं?"
"तुम्ही अनधिकृत आहात. खुर्चीवर बसा गुपचूप."

ती गेल्यावर ठरलं की दादाने आता लेकीकडे, वाघोलीला राहायचं. तिचा फ्लॅट लहान. सगळ्या टाक्या तिथे जाणं शक्यच नाही.

दादा म्हणाला, "दुकानवाल्याला बोलावतो. सगळं एकदम घेऊन जाऊ दे. मला बघवत नाही."

मोबाइल त्याच्या हातात होता.

पण मला हॉस्पिटलमधली वहिनी आठवत होती. हाताला सलाईन, आणि तोंडाने ऑर्डरी.

"बेबी, मी गेले की तुझे दादा सगळं दुकानात देऊन टाकतील. तिथे झाडं एका टाकीत, मासे दुसऱ्या. सगळ्या जोड्या फुटतील. तेवढं होऊ देऊ नकोस."

"लिहून घेऊ का, कुणाला काय ते?"

"लिहायचं काय त्यात? माणसं डोळ्यासमोर आण."

आणि एकेक नाव घेत गेली. शेवटी मी विचारलं, "आणि दादाला?"

"निळा फायटर मासा."

"वहिनी! दादाने जन्मात कुणावर आवाज चढवला नाही. त्याला फायटर?"

"लढतो म्हणून नाही गं. तो एकटाच राहतो. पण दमला की वर येऊन रुंद पानावर जरा आडवा होतो. ते पान काढून घेतलं, की संपलं. त्याला पानासकट पाठव."

हे सगळं मी दादाला सांगितलं. त्याने मोबाइल खिशात ठेवला.

"त्या झाडाचं नाव काय?"
"अनुबियास."
"माझ्या नाही राहणार लक्षात."
"नाही राहिलं तरी चालेल. माशाला माहितीये."

तर आता सगळ्यांनी नीट वाचा.

रविवारी सकाळी बिबवेवाडीच्या घरी वहिनीच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदन आहे. हार आणू नका, फुलं आणू नका. झाकणाची बादली आणा. साबणाने धुतलेली नको.

सुनंदाताई, तुम्ही वहिनीच्या ऑफिसातल्या, एंजलची जोडी तुमच्याकडे. सोर्डसकट. लावलंत की परत जागा बदलू नका, त्याला आवडत नाही.

वरच्या मजल्यावरची मीनल, गप्पी आणि सगळा मॉस तुझ्या जुळ्यांना. पोरांना मोजत बसू दे. मोजून संपणार नाहीत.

गोल्डफिश माझ्याकडे, जावा फर्नसह. कारण 'बेबीच्या हाताखाली दुसरं काही जगत नाही,' असा शेरा आहे.

झाडाशिवाय मासा मिळणार नाही, माशाशिवाय झाड मिळणार नाही. अदलाबदलीची विनंती चालणार नाही. संबंधित अधिकारी उपलब्ध नाहीत.

निळा फायटर आणि त्याचं पान कालच गेले. बरणी दादाने वाघोलीपर्यंत मांडीवर धरली होती. गाडीत प्रत्येक स्पीडब्रेकरला "हळू रे, हळू."

आज सकाळी त्याचा फोन.

"बेबी, तो पानावर टेकलाय."
"आणि तू?"
"मी चहा घेतोय. त्याच्यासमोर."

वहिनी, ज्याची त्याची जागा ज्याला त्याला मिळाली. एकही जोडी फुटली नाही.

आता तूही जरा टेक.

जय भीम.