दोन्या फोर्तुनाताचा रास्ता रोको

एल आल्तो शहराच्या बाजारात आपी विकणाऱ्या दोन्या फोर्तुनाताचा आवाज म्हणजे विक्रेत्यांच्या संघटनेची मालमत्ता. जांभळ्या मक्याची ती गरमागरम आपी ढवळता ढवळता बाईनं अठरा वर्षांत कशाकशाविरुद्ध घोषणा दिल्या, ते तिलाही आठवत नसे. गॅस झाला, पाणी झालं, महापौर हटवा झालं, तोच महापौर परत आणा झालं, एकदा तर शंभरावर वर्षांपूर्वी लढाईत शेजारच्या देशाकडे गेलेला समुद्र परत द्या म्हणून ती दोन दिवस घसा बसेपर्यंत ओरडली. समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. पण कारण विचारायची पद्धत नव्हती. मोर्चा संपला की सेक्रेटरी विल्फ्रेदो प्रत्येकाच्या कार्डावर हजेरीचा शिक्का मारी, आणि शिक्का नसेल त्याचं दुकान आठवडाभर बंद. त्यामुळे इथल्या लोकांचा संताप मोठा शिस्तीचा.

या विल्फ्रेदोनं एके दिवशी शाळेसमोरचा तिचा कोपरा उचलून स्वतःच्या मेहुणीला दिला आणि फोर्तुनाताला धाडलं कोंबड्यांच्या गल्लीत. तिथं पिसं उडून पातेल्यात पडायची. पिसं घातलेली आपी कोण पिणार? बाई रडकुंडीला येऊन मोर्चासाठी मैत्रिणीकडे गेली.

"तुझ्यासाठी मी एका पायावर तयार आहे गं," बटाटेवाली इग्नासिया म्हणाली. "पण हजेरी कोण लावणार?"

"समुद्रासाठी ओरडलीस ना माझ्याबरोबर?"

"समुद्र सगळ्यांचा, बये. कोपरा तुझ्या एकटीचा."

गुरुवारी सकाळी फोर्तुनातानं चौकात आठ-दहा दगड मांडले, मधोमध स्टूल टाकलं, शेजारी आपीचं पातेलं ठेवलं आणि रस्त्यात बसली. कुणाला बोलावलं नाही, हाक मारली नाही.

पहिला चपलांवाला थबकला. "बंद आहे का आज?"

"मी तर बसलेय," ती म्हणाली. खोटं काय त्यात?

झालं. त्यानं पळत जाऊन दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि येऊन बसला. त्याला पाहून कापडवाल्या आल्या, त्यांना पाहून इग्नासिया बटाट्यांवर पोतं टाकून धापा टाकत आली. कुणीतरी टायर आणला. तासाभरात सत्तेचाळीस माणसं "मागे हटणार नाही!" म्हणून गर्जत होती. कशापासून, ते एकालाही माहीत नव्हतं. विल्फ्रेदो घाईघाईनं आला. आदेश वरून आला आणि आपल्यालाच कळला नाही, या धास्तीनं तोही मुठी आवळून पुढच्या रांगेत बसला.

दुपारी लोक कार्डं काढून उठले. "चला, शिक्के मारा!"

"रस्ता रोखला की मागणी मान्य झाल्याशिवाय शिक्का नाही," फोर्तुनाता म्हणाली. नियम संघटनेचाच होता.

"मागणी काय आहे?"

"शाळेसमोरचा माझा कोपरा."

मग सत्तेचाळीस तोंडं विल्फ्रेदोकडे वळली. अख्खा दिवस फुकट जाणार म्हटल्यावर माणसं अशी पेटली, जशी समुद्रासाठीही कधी पेटली नव्हती. "फोर्तुनाताला कोपरा द्या! आत्ताच्या आत्ता द्या!" इग्नासियाचा आवाज सगळ्यांत वर. आपल्या नावाची घोषणा बाई आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. लोक कशासाठी ओरडतायत ते तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिचे डोळे भरून आले.

"घे बाई, घे तुझा कोपरा!" विल्फ्रेदोनं हात जोडले.

शिक्का तर तिच्याकडे नव्हता, विल्फ्रेदोचा घाईत कचेरीतच राहिला होता. तिनं अंगठा पातेल्यात बुडवला आणि एकेका कार्डावर जांभळा ठसा उमटवत गेली. लोक ठसा वाळवत, फुंकर मारत समाधानानं दुकानांकडे पांगले. एकानंही विचारलं नाही, की कोपरा गेला कसा होता.

रांगेत शेवटी विल्फ्रेदो उभा होता. त्यानं इकडेतिकडे पाहून खिशातून स्वतःचं कार्ड काढलं आणि हळूच तिच्यापुढे धरलं.

"माझ्यावरही मार. उगाच वरच्यांनी गैरहजर धरायला नको."