राग आला की सहापर्यंत

भाताच्या टोपाला खाली खरवड धरते ना, तशा शाळेतल्या गोष्टी मला धरल्या आहेत. रोज थोडी थोडी. वाटतं टोप रिकामा झाला, आणि उलथनं घातलं की अजून निघतेच! मी काही शाळा शिकले नाही. शाळेची पायरी चढले ती डोक्यावर लाकडं घेऊन, थेट चुलीपाशी. आमच्या वाडीच्या शाळेत पोरांचा दुपारचा भात मी शिजवते. चूल गेली, गॅस आला, मी आहे तिथेच आहे. स्वयंपाकाच्या खोलीला वर्गाकडे उघडणारी एक खिडकी आहे, त्यामुळे चौथीपर्यंतचं सगळं कानावरून गेलंय. हे लिहून घेतलंय माझ्या नातीने. मधे मधे हसत बसली, म्हणून एवढे दिवस लागले.

यंदाचे किस्से सगळे मोजमापाचे.

झालं असं, की जानेवारीत बाईंकडे कागदांचा गठ्ठा आला. बाई म्हणजे आमच्या शाळेच्या एकुलत्या एक बाई. सांगलीकडच्या, तरुण, आणि आमटीला "अजून तिखट हवं" म्हणणाऱ्या. पोरांना वाचता येतं का, हिशेब येतो का, ते आधीपासून मोजतातच. आता म्हणे पोरांचं मन मोजायचं. राग आवरतो का, दुसऱ्याचं दुःख कळतं का, चौघांत मिळून काम करतो का, धीर धरतो का. आणि त्याला गुण द्यायचे!

मी म्हटलं, "बाई, हे मोजायचं कशानं? शेरानं की पायलीनं?"

"कागदानं, आजी," बाई म्हणाल्या आणि कपाळाला हात लावला.

हसण्यावारी गेलं असतं. पण वाडीत बातमी पसरली की ज्या शाळेचे गुण कमी, ती शाळा बंद, आणि पोरं हायवेवरच्या मोठ्या शाळेत. आमची पोरं सगळी मिळून अकरा. हायवे पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, आणि पावसात तो पऱ्या असा फुगतो की बाप्ये माणसंसुद्धा काठावर बसून राहतात. मग पहिलीतलं पोर कसं जाणार? बातमी खरी की खोटी, बाईंनाही ठाऊक नव्हतं. पण आईबाप रोज शाळा सुटली की त्यांना तेच विचारायचे. मीही.

*

पहिला कागद घरचा होता. "घरात मोठ्यांना राग आला की ते काय करतात?" बाई एकेकाला विचारून लिहीत होत्या. माझा नातू आरुष तिसरीत. मी खिडकीशी लसूण सोलत होते, कान तिकडेच.

आरुष म्हणाला, "बाबांना राग आला की ते आंब्याच्या कलमांत जाऊन बसतात. आई मामाला फोन लावते."

"आणि आजी?"

"आजी भांडी घासते. राख आणि काथ्या घेऊन. जेवढा राग, तेवढी घासते. एकदा काकाबरोबर भांडली, तर कढईला भोक पडलं!"

खोटं हो! भोक आधीचंच होतं. मी खिडकीतूनच ओरडणार होते, पण म्हटलं, राग आवरायचे गुण जायचे. लसूणच जोरजोरात सोलला.

दुसऱ्या दिवशी बाई पाणी प्यायला आत आल्या. फळीवरच्या टोपांकडे बघत राहिल्या. सगळे टोप आरशासारखे!

हळूच म्हणाल्या, "आजी, काल घरी फारच झालं का हो?"

*

आमचे तुकारामदादा. उभा जन्म मुंबईत वॉचमनकी करून गावी आले. वेळ भरपूर, आणि शिट्टी अजून गळ्यात. त्यांनी ठरवलं, गुण वाढवायचे तर क्लास पाहिजे! देवळाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी 'भावनांचा क्लास' सुरू झाला. शिट्टी वाजली की पोरं रांगेत.

"मित्र रडत असला तर?"

"पाणी देऊ!"

"दमला असला तर?"

"वाऱ्याला बसवू!"

"राग आला तर?"

"दहापर्यंत मोजू!"

पाढ्यांसारखं घोकून घेतलं. तिसऱ्या दिवशी शाळेत आरुषने पहिलीतल्या गण्याची नवी पेन्सिल मोडली. गण्या म्हणजे सगळ्या शाळेत लहान, पण हात सगळ्यांत चालू. लालबुंद झाला, मूठ वळली, आणि त्याला क्लास आठवला! मोजायला लागला. "एक... दोन..." बाई दारातच थांबल्या, डोळ्यांत कौतुक. पोरंही भोवती जमून त्याच्याबरोबर मोजू लागली. "पाच... सहा..."

आणि आरुषच्या पाठीत धपकन गुद्दा!

"अरे गण्या, दहापर्यंत मोजायचं ना!"

"बाई, मला सहाच्या पुढे येत नाय!"

तेव्हापासून तो खेळच झाला. गण्याला राग आला की अख्खी शाळा भोवती उभी. सहा झाले की सगळी एकदम ओरडायची, "आता!" आरुष तोपर्यंत पार विहिरीपाशी पोचलेला असायचा. तेवढा एक फायदा.

*

मिळून काम करता येतं का, ते बघायला तालुक्याहून एक सर आले. गळ्यात घड्याळ, हातात कागद. स्वभावाने गरीब माणूस. त्यांनी दोन बांबू मागितले, त्यावर आमच्याकडचा पाट बांधला, पाटावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला. चौघांनी खांद्यावर घेऊन झेंड्याच्या खांबापर्यंत जायचं. पाणी सांडायचं नाही, भांडायचं नाही. सर मागून वेळ मोजणार.

आता मला सांगा, नुकताच शिमगा झालेला, देवाची पालखी घरोघर नाचवून. पोरांच्या अंगातून पालखी अजून उतरली नव्हती. आणि हे दोन बांबू त्यांच्या खांद्यावर देतात!

चौथीतली तन्वी पुढच्या दांडीला. झेंड्याच्या खांबापर्यंत पोरं शहाण्यासारखी गेली. खांब आला, गेला, पोरं थांबली नाहीत. फाटकाबाहेर पडली. उरलेल्या सात जणांनी माझे डबे उचलले, ढोल सुरू! डाव्या अंगाला झुकते, उजव्या अंगाला झुकते, अशी ती तांब्याची पालखी नाचत वरच्या वाडीत. आवाज ऐकून माझी जाऊ तर ताट घेऊन ओवाळायलाच आली. मागाहून सर धावतायत, "मुलांनो, थांबा! खांब मागे राहिला!"

कोण ऐकतंय!

तिसऱ्या अंगणात सरांनी त्यांना गाठलं. धापा टाकत तांब्यात वाकून बघितलं, तर थेंब सांडला नव्हता! सरांच्या एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात जावेने दिलेला नारळ.

"झालं ना आता? वेळ बंद करू का?" सर म्हणाले.

तन्वी म्हणाली, "सर, अजून खालची वाडी राहिलेय!"

सरांनी लिहिलं, "गट शाळेबाहेर गेला." पाण्याचं एक अक्षर लिहिलं नाही. त्या संध्याकाळी तुकारामदादांची शिट्टी दोनदा वाजली.

*

मग बाईंनी भिंतीवर तीन चेहरे लावले. हसरा, मधला आणि रडका. सकाळी आलं की ज्याला जसं वाटतंय, त्याने त्या चेहऱ्याखाली बसायचं. रडका चेहरा बाईंच्या टेबलाशेजारी, म्हणजे दुःखी पोराशी लगेच बोलता येईल. किती चांगला विचार! पहिले काही दिवस सगळी हसऱ्याखाली.

एप्रिल लागला आणि अख्खी शाळा दुःखी झाली.

एक दिवस नाही, आठवडाभर! अकराची अकरा पोरं रडक्या चेहऱ्याखाली, एकमेकांच्या मांडीवर चढून. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हे कागदावर गेलं तर संपलंच. तन्वीला जवळ घेऊन विचारलं, "घरी काही झालंय का गं?"

"नाय, बाई."

"मग रडू येतंय का?"

"नाय. घाम येतोय."

बाईंनी वर बघितलं. शाळेत पंखा एकच, आणि तो रडक्या चेहऱ्याच्या डोक्यावर!

तेवढ्यात लाईट गेली. एका क्षणात सगळी पोरं उठली आणि हसऱ्याखाली जाऊन बसली. तिथे खिडकी आहे.

बाईंनी निमूट कागद ओढला आणि लिहिलं, "मुलांच्या भावना विजेवर अवलंबून आहेत."

*

धीर मोजायला तेच सर परत आले. या वेळी फाटक आधी बंद केलं! सावर्ड्याच्या बाजारातून हापूसची पेटी आणली होती. एकेका पोराला ऑफिसात बसवायचं, समोर बशीत सोललेला हापूस. "मी दहा मिनिटांनी येतो. तोवर खाल्ला नाहीस, तर तुला दोन देईन." असं सांगून सरांनी बाहेर जायचं आणि फटीतून बघायचं.

मी तेव्हाच बाईंना म्हटलं, "सरांना सांगा, आंबा नको, बांगडा आणा." पण बाई म्हणाल्या, "आजी, कागदावर गोड पदार्थ लिहिलाय."

पहिला आरुष. सर दाराबाहेर पडले, आणि याने आंबा उचलून तोंडात! डोळे मिटून, एरंडेल प्यावं तसा. मग तन्वी. तीच गत. अकराच्या अकरा पोरांनी सरांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडायच्या आत आंबा संपवला! सर फटीशी पोचायचे तेव्हा बशीत नुसती कोय. बाई तर भिंतीला टेकून उभ्या.

शेवटी सरांना राहवलं नाही. आरुषला बोलावलं. "बाळा, दहा मिनिटं थांबला असतास तर दोन मिळाले असते ना!"

"म्हणून तर लगेच खाल्ला, सर!" आरुष म्हणाला. "घरी सकाळी डागी आंबा, दुपारी डागी आंबा, रात्री आमरस. अजून दोन कोण खाणार?"

तोवर सरांचा कागद भरून झाला होता. धीर, शून्य.

*

एप्रिलच्या अखेरीला बाई माझ्याकडे आल्या. "आजी, आपले गुण फार कमी झालेत. उद्या तालुक्याहून मोठ्या मॅडम येणार आणि शेवटचा शेरा लिहिणार." त्या दिवशी त्यांनी आमटीला तिखट मागितलं नाही.

वाडीने रात्री पोरांना दम भरला. भांडायचं नाय, रडायचं नाय, हसायचं तेही बेतानं. झालं काय, मॅडम आल्या तेव्हा पोरं दगडासारखी. जाड चष्म्याच्या, कडक इस्त्रीच्या मॅडम. प्रेमाने विचारत होत्या बिचाऱ्या. "मित्र रडत असेल तर काय कराल?" एक पोर तोंड उघडेल तर शपथ! ज्यांनी तीन महिने घोकलं, ती अकराही पोरं छताकडे बघत होती. मॅडमनी सुस्कारा टाकला आणि पेन उघडलं. खिडकीत माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे त्यांचे साहेब. आवाज असा, की मला गॅसपाशी ऐकू आला. "अकरा पोरांच्या शाळेला एवढा वेळ? कमी लिहा आणि निघा!"

"साहेब, मी अजून मुलांशी..."

"लिहा म्हटलं ना!"

"साहेब, ऐकून तर..."

फोन कट. मॅडमनी चष्मा काढला. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. 

आणि गण्या उठला. मॅडमचा हात धरला, ओढत नेऊन त्यांना रडक्या चेहऱ्याखाली बसवलं, पंख्याच्या वाऱ्याला. तन्वीने पाण्याचा तांब्या आणला, एक थेंब सांडला नाही. आरुष माझ्याकडे धावत. "आजी, टोप दे. सगळ्यात काळा दे!" मी काय देणार होते, त्यानेच उचलला. मी घरून आणते ती राख, काथ्या आणि तो करपलेला टोप त्याने नेऊन मॅडमच्या मांडीवर ठेवला!

बाईंनी डोळे मिटून घेतले.

मॅडमनी टोपाकडे बघितलं, पोरांकडे बघितलं. काथ्या उचलला. घासायला लागल्या! आधी हळू, मग जोरात. इस्त्रीच्या साडीवर राख उडतेय, बांगड्या वाजतायत, आणि पोरं गोल करून बघतायत. टोपाचं एक अंग लख्ख झालं.

गण्या त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाला, "मॅडम, अजून राग हाय का? मग मोजा. सहापर्यंतच मोजा, पुढे काय नसता."

फोन परत वाजला. मॅडमनी राखेच्या हाताने उचलला.

"साहेब, एक मिनिट हं," म्हणाल्या, आणि फोन तोंडाशी धरून मोठ्याने मोजायला लागल्या. "एक... दोन..."

पोरं जवळ सरकली. "तीन... चार..." आता सगळी त्यांच्याबरोबर. बाईसुद्धा. मीसुद्धा!

"पाच... सहा..."

"आता!"

जूनमध्ये शाळा उघडली. मी नेहमीसारखी तांदूळ निवडायला खिडकीशी बसले आणि वर्गात बघितलं, तर हसऱ्या चेहऱ्याच्या डोक्यावरही मॅडमनी पाठवलेला एक नवा पंखा!