केळीला वळसा घालून

दीर गेल्यावर माझ्या मोठ्या जाऊबाई शेतातल्या आखाड्यावरच, म्हणजे गोठ्याला लागून असलेल्या खोलीतच राहिल्या. गावात घर होतं, सून होती, नातवंडं होती. पण त्यांची जनावरं आखाड्यावर, आणि जनावरं सोडून त्या कुठंही जायला तयार नव्हत्या. आखाडा खोलगट जागेत आहे. तिथे मोबाईलला रेंज येत नाही. त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, शेवटी अट घातली : रोज संध्याकाळी आईचा आवाज ऐकू आला पाहिजे, नाहीतर तिनं गावात यायचं.

"मी मेली का जिती, हे रोज इचारनार व्हय तू?" जाऊबाई म्हणाल्या.

"व्हय. रोज."

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे. हा परवाना म्हणजे माझं खूळ आहे असं घरात सगळ्यांचं मत. तो असला तरी मला जे करायचं होतं त्याला तो लागतही नव्हता. आमच्या डोंगरकडा गावात घरोघर इंटरनेटच्या नव्या जोडण्या आल्या तेव्हा जुने वायफाय राउटर माळ्यावर गेले होते. ते मी मागून आणले. आतली आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, बदलली की हे स्वस्तातले डबे आपापसांत बोलू लागतात. एकाचं बोलणं दुसरा पुढे देतो, दुसऱ्याचं तिसरा. इंटरनेट लागत नाही. डब्याच्या टप्प्यात फोन असला की जाळ्यातल्या जाळ्यात बोलता येतं.

एक डबा आमच्या गच्चीवर, एक विहिरीजवळच्या खांबावर, एक आखाड्यावर. पावसापाण्यापासून वाचावेत म्हणून प्लास्टिकच्या बरण्यांत बसवले, आणि शेतातल्या दोन्हींना सोलरची पाटी आणि बॅटरी लावली. विहिरीवरचा पाइप पुतण्यानं धरला, मी पान्यानं आवळला. उंची मी मुद्दाम हाताला येईल एवढीच ठेवली. बिघाड झाला तर दर वेळी शिडी कोण आणणार?

दिवे लागले. मी आखाड्यावर फोन लावला.

"दिसून राहिली का मी?" पडद्यावर जाऊबाईंचा नुसता कान दिसत होता.

"आक्का, फोन कानाला लावू नका. समोर धरा."

त्यांनी फोन समोर धरला आणि मला नीट न्याहाळलं. "बाई, तू लई म्हातारी दिसून राहिली."

मी वर्षानुवर्षं फळ्यावर लहरी काढत आले आहे. खडूनं वर-खाली, वर-खाली. पण गच्चीवर उभी राहून समोरच्या मोकळ्या रानाकडे पाहताना पहिल्यांदाच मला ते पटलं. मधे काही नव्हतं. तार नाही, धूर नाही. नांगरलेल्या रानावर बगळे चालत होते आणि त्यांच्या डोक्यावरून एका बाईचा टोमणा येत होता.

पुढं मृगात पुतण्यानं त्याच रानात केळी लावली.

हिवाळ्यात आवाज तुटायला लागला. दव पडलं की जास्तच. मी वायर बदलली, बॅटरी बदलली. वानरांनी पाइप हलवला असेल म्हणून तो पुन्हा आवळला. संक्रांतीनंतर आखाडा पार मुका झाला. पुतण्या घरी आला तो ठरवूनच.

"काकू, झालं ना खेळून? आईला आनून टाकतो. सोमवारी ट्रॅक्टर घेऊन जातो."

त्या दुपारी मी विहिरीवर जाऊन खांबाला पाठ लावून उभी राहिले. आखाड्याकडे पाहिलं तर आखाडाच दिसेना. डोक्याच्या वर हिरवी पानं, पानांमागं पानं. केळीचं पान म्हणजे उभं केलेलं पाणी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. हे मी मुलांना शिकवते. ज्यानं ती केळी लावली त्यानंच पाइप धरला होता, आणि मी त्या केळीपासून वीस पावलांवर राहणारी केळीवाल्यांच्या घरातली सून. केळी वाढते हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. पुतण्याला मी तसं सांगितलं, पण उंच पाइप हिंगोलीहून आणायचा होता आणि सोमवार तोंडावर आला होता.

सोमवारी मी आखाड्यावर गेले नाही. जाऊबाई गाठोडं बांधताना बघायची माझी इच्छा नव्हती. गच्चीवरचा डबा उतरवायला पाना घेऊन वर गेले, तेवढ्यात फोन वाजला.

आखाड्यावरून.

"अगं, हा म्हशी सोडून राहिला! सांग ह्याला काही!"

विहिरीवरचा डबा तर पानांत बुडालेला. मी खाली जाऊन लॅपटॉप उघडला. जाळ्याचा नकाशा त्यावर दिसतो. आमच्या घरापासून रेघ विहिरीकडे जातच नव्हती. ती उलट्या दिशेनं टेकडीवरच्या देवळाकडे गेली होती. तिथला डबा मी मागाहून गुरवाच्या घरच्यांसाठी बसवला होता, वर देवळात बसलेल्या गुरवाला खालून जेवायला हाक मारता यावी म्हणून. देवळावरून रेघ ओढ्यापलीकडच्या शेतशेजाऱ्याकडे गेली होती. त्यानंही जेवायच्या हाकेसाठीच एक डबा नेला होता आणि तो बांधावरच्या खोलीवर त्याच सकाळी चढवला होता. तिथून कोरड्या ओढ्यावरून सरळ आखाड्यावर. एक झाडसुद्धा आड नाही.

कोणी या डब्यांना सांगितलं नव्हतं. असं होतं हे मी वाचलेलं होतं, त्याचसाठी तर ही आज्ञावली निवडली होती. तरी मी ती रेघ पडद्यावर बोटानं पुन्हा गिरवून पाहिली. एक वाट बंद झाली होती, आणि टाकाऊ डबे एकमेकांना हाका मारत बसले होते, कोणी ओ देईपर्यंत.

फोन पुतण्याच्या हातात गेला. "काकू, काय केलं तुमी?"

"काही नाही."

"मंग कोनी केलं?"

"कोणीच नाही. ते आपलंआपण झालं."

मागं म्हैस ओरडली. मी म्हणाले, "तुझी अट आवाजाची होती. ऐकू येतोय का?"

"येऊन तर राहिला. बराबर येऊन राहिला." त्याचा स्वर एकदम लहान मुलासारखा झाला होता. "पन काकू, मधी तर केळी हाय."

"केळीतून नाही, टेकडीवरच्या देवळावरून येतोय."

तो बहुतेक टेकडीकडे बघत असावा. मीही खिडकीतून बघत होते.

मग जाऊबाईंचा आवाज आला, माझ्याशी नव्हे, त्याच्याशी. "आभाळात काय बघतो? म्हस बांध आधी. अन् ट्रॅक्टर आनलाच हाय तर रिकामा काहून नेतो? त्या उकिरड्यातलं खत भर अन् केळीत टाक."