मिणमिणबाईंची खोली

लेझरच्या सूक्ष्मदर्शकाची खोली ज्या बाईंच्या ताब्यात होती, त्यांना सगळी प्रयोगशाळा मागून 'मिणमिणबाई' म्हणे. लेझरचा उजेड त्या कुणालाच वाढवू देत नसत. "फोटो काढायचाय की पेशी भाजायच्यात?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. टोपणनाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही.

सख्खी भाची तिथेच संशोधनाला आली, तेव्हा "नातं घरी ठेवून यायचं. इथे मला बाई म्हणायचं," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. पण पोरगी उतावळी. बाई जेवायला गेल्या आणि हिने लेझर चढवला. पडद्यावर जिवंत स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, हिरव्यागार झळकल्या. झकास फोटो आला! बाई परतल्या तोवर पेशी आक्रसून मेल्या होत्या.

वर्षभर जोपासलेल्या पेशींची आता एकच बशी उरली होती. तिच्यात एका पेशीच्या दोन होताना दिसल्या तर ठीक, नाहीतर वर्षाचं मुसळ केरात.

"मावशी, एकदा ओरड तरी गं!" भाची रडवेली झाली.

"ओरडून मेलेलं उठतं का? डोळे पूस आणि बशी आण."

बाईंनी बशी अंगाइतक्या उबेत ठेवली, वर काळं कापड टाकलं आणि लेझर इतका उतरवला की पडद्यावर नुसते करडे ठिपके राहिले. मधूनच एक फोटो, मग बराच वेळ अंधार.

"काहीच दिसत नाहीये!" भाचीचा हात बटणाकडे सरकला. बाईंनी त्यावर फटका दिला.

"दिसेल. गप बस."

बाईंना पेशींची खात्री होती, धास्ती होती ती पोरीची. आज हात रिकामे राहिले तर ही हे काम सोडून जाईल.

दुपार कलली. एक ठिपका लांबट झाला, मध्ये बारीक झाला आणि त्याचे दोन झाले. भाचीने मावशीच्या गळ्यात मिठीच मारली.

तेवढ्यात प्रयोगशाळेचे प्रमुख सर आले. पडदा बघून म्हणाले, "छान! पण फारच अंधुक आहे. जरा उजेड वाढवू या," आणि त्यांनी बटणाला हात घातला.

फाटकन फटका बसला. भाचीने जीभ चावली, पण बटणावरचा हात काही काढला नाही.

"माफ करा, सर. पण त्या जिवंत आहेत."

सर बाईंकडे बघू लागले. बाई बशीवरचं काळं कापड सारखं करत होत्या, आणि हसू काही केल्या दबत नव्हतं.